न्यूट्रॉन तारा आणि विश्वाची पहिली ४० मायक्रोसेकंदं : फलकावर घनतेचे नेमके कोणते आकडे लिहावेत?

जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी शाळेत अतिघन पदार्थावर तीन फलक करायचे आहेत : श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा विझलेला गाभा), न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला गाभा) आणि महास्फोटानंतरचा पहिला क्षण. नववी-दहावीची मुलं फलक रंगवतील. अकरावीतली चौघं पायथनमध्ये गणित करायला तयार आहेत, त्यांना काहीतरी खरं काम द्यायचं आहे.

अडचण अशी की न्यूट्रॉन ताऱ्याची घनता एका पुस्तकात घनसेंटिमीटरला ३० कोटी टन आहे, दुसऱ्यात ६६ कोटी, तिसऱ्यात नुसतंच "अब्जावधी". कोणता आकडा घ्यावा? दुसरं, सगळं विश्वच एके काळी अणुकेंद्राइतकं दाट होतं म्हणतात, ते नेमकं केव्हा? आणि तसं असेल तर ते तिथल्या तिथे कृष्णविवर का झालं नाही? हा प्रश्न मुलं विचारणारच. तिसरं, न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात जे आहे तेच विश्वाच्या सुरुवातीला होतं, असं एका फलकावरून दुसऱ्या फलकावर बाण काढून दाखवलं तर चालेल का?

सोलापूरच्या माणसाला पटकन उमगेल असं एखादं परिमाणही सुचवा.

---

सातरस्ता

सर, ३० आणि ६६ हे दोन्ही आकडे चुकीचे नाहीत. दोघांनी त्रिज्या वेगळी धरली आहे एवढंच. वस्तुमान १.४ सूर्य, म्हणजे २.८ × १०^३० किलो. त्रिज्या १० किमी धरली तर घनसेंटिमीटरला ६६ कोटी टन येतात, १३ किमी धरली तर ३० कोटी. त्रिज्येचा घन होतो, त्यामुळे तिच्यातला थोडासा फरक उत्तरात दुपटीवर जातो. जुन्या पुस्तकांत सरसकट १० किमी असायची. आता दोन स्वतंत्र वाटांनी मोजमाप झालं आहे. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, त्यांच्या गुरुत्वीय लहरींवरून १२ किमीच्या आसपास त्रिज्या निघाली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या नाइसर दुर्बिणीने ताऱ्यावरच्या तप्त ठिपक्यांच्या क्ष-किरणांवरून १२ ते १३ किमी काढली. तुम्ही १२ किमी घ्या आणि फलकावर तसं लिहा :

घनफळ ७.२ × १०^१२ घनमीटर, घनता ३.८५ × १०^१७ किलो प्रति घनमीटर, म्हणजे घनसेंटिमीटरला ३८.५ कोटी टन.

ही सरासरी आहे. अणुकेंद्रातल्या पदार्थाची घनता २७ कोटी टन, तिच्याशी ताडून पाहा : ताऱ्याची सरासरी तिच्या दीडपट, आणि मध्यभागी ती कित्येक पट वाढत जाते. बारावीचं एखादं मूल शंका काढेल की एवढ्या गुरुत्वात अवकाश वक्र असतं, मग घनफळाचं साधं सूत्र कसं चालेल? शंका बरोबर आहे. आतलं खरं घनफळ त्याहून जास्त भरतं. सरासरी घनता सांगताना साधंच सूत्र वापरायचा प्रघात आहे, म्हणून आकड्याखाली "१.४ सूर्य, १२ किमी" हे लिहायलाच हवं.

सोलापूरचं परिमाण म्हणाल तर उजनी घ्या. मृतसाठ्यासह पूर्ण भरलेलं धरण म्हणजे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, २.८३ कोटी घनमीटर. एकूण ३३१ कोटी घनमीटर, तेवढेच टन पाणी. भागिले ३८.५ कोटी, उत्तर ८.६ घनसेंटिमीटर. काठोकाठ भरलेल्या उजनीचं सगळं पाणी न्यूट्रॉन ताऱ्याच्या घनतेला आणलं तर ते चहाच्या दोन चमच्यांत मावेल. मुलांना हा भागाकार स्वतः करू द्या, टीएमसीचा आकडा त्यांच्या घरी रोज पावसाळ्यात बोलला जातो.

मात्र "असा एक चमचा पृथ्वीवर आणला तर जमिनीतून आरपार जाईल" हे वाक्य कृपा करून लिहू नका. ताऱ्याच्या गुरुत्वाने तो पदार्थ दाबून धरलेला असतो. आतला दाब कवचाखाली १०^३२ पास्कलच्या घरात असतो, मध्यापर्यंत १०^३४ च्याही पुढे जातो. आपल्या हवेचा दाब १०^५ पास्कल. वरचं वजन काढून घेतलं की चमच्यातला पदार्थ त्याच क्षणी स्फोटासारखा फुटून पसरेल, आणि सुटे झालेले न्यूट्रॉन सरासरी ८८० सेकंदांत क्षय पावून प्रोटॉन होतील. तो कुठेही बुडणार नाही.

दुसरी चूक पाठ्यपुस्तकांतही सापडते : "श्वेत बटू इलेक्ट्रॉनांच्या डीजनरसी दाबाने टिकतो, न्यूट्रॉन तारा न्यूट्रॉनांच्या." डीजनरसी दाब म्हणजे एकाच अवस्थेत दोन कण बसू शकत नाहीत म्हणून, पदार्थ थंड असतानाही येणारा दाब. पहिला भाग खरा. फाउलरने १९२६ मध्ये तो दाखवला, आणि चंद्रशेखर यांनी दाखवलं की वस्तुमान वाढलं की इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या जवळ जातात, दाब पुरेसा वाढत नाही, आणि १.४४ सूर्यांच्या पुढे काहीच सावरत नाही. दुसरा भाग अपुरा आहे. ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी १९३९ मध्ये फक्त मोकळ्या न्यूट्रॉनांचा डीजनरसी दाब धरून कमाल वस्तुमान काढलं, ते आलं ०.७ सूर्य. आकाशात तर दोन सूर्यांचे न्यूट्रॉन तारे आहेत : पीएसआर जे०७४०+६६२० चं वस्तुमान २.०८ सूर्य आहे, चूक-मर्यादा ०.०७. मधली सगळी भर पडते ती न्यूट्रॉन फार जवळ आल्यावर त्यांच्यात जे प्रबळ बलाचं (अणुकेंद्राला बांधून ठेवणाऱ्या बलाचं) प्रतिकर्षण होतं त्याची. न्यूट्रॉन तारा मुख्यतः त्या प्रतिकर्षणावर उभा आहे, हे फलकावर आलं तर तुमचा फलक पुष्कळ पुस्तकांपेक्षा बरोबर ठरेल.

श्वेत बटूसाठी व्याध ताऱ्याचा जोडीदार घ्या. १.०२ सूर्य, त्रिज्या ५,८५० किमी, सरासरी घनसेंटिमीटरला २.४ टन.

---

आदिकण

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : तो बाण काढू नका. पूर्ण फलकमालेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सुरुवातीच्या विश्वात ऊर्जा मुख्यतः प्रारणाची (प्रकाश आणि प्रकाशवेगाच्या जवळ धावणारे कण यांची) होती, त्यामुळे घनतेचं सूत्र फार सोपं आहे. घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी) = ४.४७ × १०^५ भागिले काळाचा (सेकंदांत) वर्ग. हा स्थिरांक ३ भागिले (३२ × पाय × गुरुत्व स्थिरांक) एवढाच आहे, मुलं कॅल्क्युलेटरवर काढू शकतील. गुरुत्व स्थिरांक सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत ६.६७४ × १०^-८ घ्यायचा, मीटर-किलोचा घेतला तर उत्तर किलो प्रति घनमीटरमध्ये येतं आणि हजाराचा घोळ होतो.

आता काळ घालत जा. ४० मायक्रोसेकंद : घनसेंटिमीटरला २८ कोटी टन, म्हणजे अणुकेंद्राची घनता. तुमच्या "केव्हा"चं उत्तर हे. २० मायक्रोसेकंद : ११० कोटी टन. १ सेकंद : ४४७ किलो. ३ मिनिटं : १४ ग्रॅम, पाऱ्याच्या जवळपास.

आकडे बघून वाटेल की २० मायक्रोसेकंदांचं विश्व म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याचाच थोडा दाबलेला पदार्थ. तसं नाही. त्या क्षणी तापमान सुमारे १.८ × १०^१२ केल्विन होतं. क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) आणि त्यांचे प्रतिकण, प्रतिक्वार्क, जवळजवळ समसमान होते, शंभर कोटी जोड्यांमागे एखादा क्वार्क जास्त, एवढाच फरक. जोड्या एकमेकांना नष्ट करून गेल्या, तो अधिकचा एक उरला, आणि तारे, ग्रह, आपण सगळे त्या उरलेल्यांचे बनलो आहोत. आजही मोजलं तर दर १,००० कोटी फोटॉनांमागे फक्त ६ बॅरिऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन, आहेत.

मग त्या ११० कोटी टनांत आपल्या पदार्थाचा वाटा किती? अधिकच्या बॅरिऑनांची संख्या-घनता अणुकेंद्रापेक्षा ढोबळमानाने ३० कोटी पटीने कमी भरते. वस्तुमानात मांडलं तर घनसेंटिमीटरला जेमतेम एक टन. म्हणजे ज्या क्षणी एकूण घनता न्यूट्रॉन ताऱ्याला मागे टाकत होती, त्या क्षणी आपला म्हणावा असा पदार्थ श्वेत बटूच्या सरासरीपेक्षाही विरळ होता. बाकीचं सगळं वजन प्रकाश, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन, न्यूट्रिनो आणि त्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांचं.

तीन मिनिटांचा आकडा तर आणखी विलक्षण आहे. एकूण १४ ग्रॅम, पण त्यातले बॅरिऑन घनसेंटिमीटरला फक्त २ × १०^-५ ग्रॅम. हवेची घनता १.२ × १०^-३. विश्वातलं बहुतेक हेलियम ज्या पदार्थात तयार झालं तो आपल्या हवेच्या पन्नासाव्या हिश्श्याहून विरळ होता.

न्यूट्रॉन तारा याच्या उलट टोकाला आहे. प्रतिकण जवळजवळ नाहीतच, सगळे बॅरिऑन, आणि पदार्थ थंड. १०^८ केल्विनला थंड म्हणणं विचित्र वाटेल, पण तुलना फर्मी ऊर्जेशी (दाटीमुळे कणांना घ्यावीच लागणारी ऊर्जा) करायची असते. अणुकेंद्राच्या घनतेला न्यूट्रॉनांची फर्मी ऊर्जा ५८ एमईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) येते, तापमानात सुमारे ७ × १०^११ केल्विन. त्याच्यासमोर १०^८ म्हणजे सात हजारावा हिस्सा. म्हणून तिथे दाब उष्णतेमुळे येत नाही. विश्वात होता तो सगळा उष्णतेचाच दाब.

म्हणून प्रत्येक फलकावर घनतेशेजारी आणखी दोन आकडे द्याच : तापमान, आणि घनतेतला बॅरिऑनांचा वाटा. घनता एकटी लिहिली की मुलं दोन अगदी वेगळ्या पदार्थांना एकच समजतील.

आता कृष्णविवर. २० मायक्रोसेकंदांना प्रकाश जास्तीत जास्त जिथवर पोचू शकला असता ते अंतर काढा : २ × प्रकाशवेग × काळ = १२ किमी. या गोलातलं वस्तुमान येतं सुमारे ४ सूर्य, आणि ४ सूर्यांची श्वार्झशिल्ड त्रिज्या (तेवढं वस्तुमान जिच्या आत मावलं की कृष्णविवर होतं ती) येते १२ किमी! मुलं इथे थांबून म्हणतील, "मग हे कृष्णविवरच की." काळ बदलून पुन्हा करायला सांगा. एक सेकंद घ्या, तीन मिनिटं घ्या, दोन्ही अंतरं प्रत्येक वेळी जुळतील. सपाट विश्वात ती नेहमीच जुळतात, तो योगायोग नाही. श्वार्झशिल्डचं सूत्र रिकाम्या अवकाशात एकट्या पडलेल्या, स्थिर वस्तुमानासाठी आहे. सुरुवातीच्या विश्वात "बाहेर" रिकामं काही नव्हतंच, सगळीकडे तीच घनता, आणि सगळं प्रचंड वेगाने प्रसरण पावत होतं. कोणत्या केंद्राकडे कोसळणार?

एखाद्या भागात घनता भोवतालपेक्षा बरीच जास्त असती, साधारण निम्म्याने, तर तो भाग मात्र कोसळला असता. अशा आद्य कृष्णविवरांची कल्पना झेल्दोविच आणि नोव्हिकोव्ह यांनी १९६० च्या दशकात मांडली, पुढे हॉकिंग आणि कार यांनी ती वाढवली. अशी कृष्णविवरं अजून सापडलेली नाहीत. फलकावर ती घ्यायची तर "शक्यता" असं स्पष्ट लिहून घ्या.

---

अक्कलकोटरोड

अकरावीच्या चौघांसाठी दोन कामं सुचवतो. पहिलं अर्ध्या तासाचं, दुसरं आठवडाभराचं.

पहिलं. ताऱ्याचं वस्तुमान माहीत नाही, त्रिज्या माहीत नाही, तरी नुसत्या फिरण्यावरून घनतेची खालची मर्यादा काढता येते. विषुववृत्तावरचा पदार्थ उडून जाऊ नये म्हणून गुरुत्व केंद्रोत्सारी प्रभावापेक्षा जास्त हवं. दोन्ही समान मांडलं की त्रिज्या कटून जाते आणि उरतं : घनता किमान ३ × पाय भागिले (गुरुत्व स्थिरांक × आवर्तकाळाचा वर्ग). खेकडा तेजोमेघातला पल्सार (फिरता फिरता ठरावीक वेळाने स्पंदनं पाठवणारा तारा) ३३ मिलिसेकंदांत एक फेरी मारतो, त्याला घाला : १.३ × १०^११ ग्रॅम, घनसेंटिमीटरला १.३ लाख टन. कुठलाही श्वेत बटू एवढा दाट असू शकत नाही, तो कधीच फुटला असता. आता सर्वांत वेगवान पल्सार घ्या, सेकंदाला ७१६ फेऱ्या : किमान ७.२ कोटी टन. फक्त घड्याळ हातात घेऊन अणुकेंद्राच्या घनतेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत पोचता येतं. पल्सार १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना सापडले, आणि ते न्यूट्रॉन तारेच असावेत हे वर्षभरात पटलं ते साधारण अशाच हिशोबाने. जुन्नरजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिशा आहेत, त्या आजही पल्सारांचं हेच टिकटिकणं मोजतात, तेही सांगा.

स्टॉलवर ऐकवायचं असेल तर खेकड्यासाठी सेकंदाला ३० टिचक्या वाजवा. ३० हर्ट्झचा गुळगुळीत सूर लावू नका, छोट्या स्पीकरमधून तो ऐकूच येत नाही.

दुसरं काम म्हणजे तारा आतून बाहेर बांधत नेणं. त्यासाठी टोलमन-ओपेनहायमर-व्होल्कॉफ समीकरणं, म्हणजे ताऱ्यात दाब आणि वस्तुमान कसं बदलत जातं ते सांगणारी. चिन्हं अशी घेऊ : द दाब, ऊ ऊर्जा-घनता, व आतलं वस्तुमान, त त्रिज्या. गुरुत्व स्थिरांक, प्रकाशवेग आणि सूर्याचं वस्तुमान तिन्ही १ धरायचे. मग लांबीचं एकक १.४७६७ किमी होतं, घनतेचं ६.१८ × १०^१७ ग्रॅम प्रति घनसेंमी.

दाबाचा उतार = −(ऊ + द) × (व + ४ × पाय × त³ × द) ÷ [त × (त − २व)]
वस्तुमानाचा उतार = ४ × पाय × त² × ऊ

पदार्थाचा नियम, म्हणजे दाब आणि घनता यांचं नातं, सरावासाठी सोपा घ्या : दाब = १०० × घनतेचा वर्ग, ऊर्जा-घनता = घनता + दाब. केंद्रातली घनता ०.००१२८ (म्हणजे घनसेंटिमीटरला ७९ कोटी टन). पायरी ०.००१, चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत (समीकरण पायरीपायरीने सोडवायची). उत्तर ठरलेलं आहे, जगभर लोक यावरच आपला प्रोग्राम तपासतात : वस्तुमान १.४०० सूर्य, त्रिज्या ९.५९ एककं, म्हणजे १४.१५ किमी. दुसऱ्या दशांशातच फरक आला तर पुढे जाऊ नका, आधी चूक शोधा.

ते जमलं की केंद्रातली घनता वाढवत न्या आणि प्रत्येक वेळचं वस्तुमान आलेखावर मांडा. वस्तुमान १.६४ पर्यंत चढतं, घनता ०.००३२ च्या जवळ. तिथून पुढे घनता वाढवली तर वस्तुमान कमी व्हायला लागतं. तो उतरता भाग अस्थिर आहे, तसे तारे टिकत नाहीत, कोसळून कृष्णविवर होतात. आता सातरस्ता यांनी वर दिलेला २.०८ सूर्यांचा तारा आठवा. या नियमाची कमाल १.६४, तारा २.०८. म्हणजे निसर्गातला पदार्थ आपल्या सरावाच्या नियमापेक्षा नक्की जास्त कडक, म्हणजे दाबायला अवघड, आहे. एका मोजलेल्या ताऱ्याने एक अख्खा नियम बाद होतो, आणि शास्त्रज्ञ खरोखर अशाच पद्धतीने नियम गाळत आणतात. मुलांनी फलकावर हा आलेख लावला आणि २.०८ वर आडवी रेघ मारली तर दुसरं काही समजवायलाच नको.

---

जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाण रद्द. मुलांनी प्रोग्राम लिहिला, पण दोन जागी अडायलेत. एकाचा पहिल्याच पायरीला शून्याने भागाकार म्हणून बंद पडतो. दुसरीचा शेवटपर्यंत जातो, पण वस्तुमान ३.२१ आणि त्रिज्या १२.५३ एककं दाखवतोय. आणि एक : न्यूट्रॉन ताऱ्याच्या मध्यभागी क्वार्क मोकळे झालेले असतात असं लिहावं का?

---

अक्कलकोटरोड

पहिल्याने त्रिज्या शून्यापासून सुरू केली आहे. समीकरणात त्रिज्येने भाग आहे, म्हणून ०.००१ पासून सुरू करायचं. त्या बिंदूला वस्तुमान शून्य ठेवू नका : ४/३ × पाय × त्रिज्येचा घन × ऊर्जा-घनता एवढं भरा, दाब केंद्राचाच ठेवा. आधीच सांगून ठेवतो, हे दुरुस्त झालं की तो पृष्ठभागाजवळ पुन्हा अडेल. शेवटच्या पायरीत दाब ऋण होतो आणि घनता काढायला ऋण संख्येचं वर्गमूळ घ्यावं लागतं. दाब केंद्राच्या १०^-१० हिश्श्याखाली गेला की थांबायचं, ही अट प्रत्येक पायरीच्या आधी तपासा, आणि रुंगे-कुट्टाच्या मधल्या चार टप्प्यांतही दाब ऋण आला तर शून्य धरा.

मुलीचा प्रोग्राम गणिताने चोख आहे, भौतिकशास्त्र न्यूटनचं आहे. न्यूटनच्या गुरुत्वात याच नियमाला कागदावर उत्तर निघतं : त्रिज्या = पाय × वर्गमूळ (१०० ÷ २ पाय) = १२.५३, म्हणजे १८.५ किमी, आणि वस्तुमान ३.२१. तिचे दोन्ही आकडे तंतोतंत तेच आलेत. बगा, दाबाच्या उतारात तिने फक्त घनता × वस्तुमान ÷ त्रिज्येचा वर्ग लिहिलं असणार आणि वस्तुमानातही ऊर्जा-घनतेऐवजी नुसती घनता घातली असणार. तिला खोडायला सांगू नका. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लावा : न्यूटन १८.५ किमी आणि ३.२१ सूर्य, आइन्स्टाइन १४.१५ किमी आणि १.४०. सापेक्षतेत दाबालाही वजन असतं, त्यामुळे जो दाब ताऱ्याला सावरतो तोच त्याला आत ओढायला मदतही करतो. श्वेत बटूत हा फरक नगण्य असतो, इथे निम्म्याहून जास्त वस्तुमान उडालं.

---

सातरस्ता

क्वार्कबद्दल "असतात" लिहू नका, "असू शकतात" लिहा, आणि कारणही द्या, ते फार छान आहे.

गरम, बॅरिऑन-विरळ टोकाचं गणित महासंगणकावर थेट होतं. अवकाशाची जाळी करून प्रबळ बलाची समीकरणं सोडवतात, आणि उत्तर येतं १५६.५ एमईव्ही, चूक-मर्यादा १.५. आदिकण यांचे १.८ × १०^१२ केल्विन ते हेच. त्या तापमानाला क्वार्क बांधले जातात, तेही पाणी गोठतं तसं एका ठरावीक रेषेवर नाही, सलग हळूहळू. हे प्रयोगातही तपासता येतं : अमेरिकेतल्या ब्रुकहेवनला सोन्याची आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत शिशाची अणुकेंद्रं आदळवून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (मोकळे क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांचं मिश्रण) तयार केला आहे. तो वायूसारखा सुटा वागेल अशी अपेक्षा होती, तो निघाला जवळजवळ घर्षणहीन द्रव. सर्नच्या ॲलिस प्रयोगातला एक शोधक कोलकात्याच्या व्हीईसीसी (व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर) या संस्थेच्या पुढाकाराने भारतात तयार झाला होता.

थंड आणि बॅरिऑनांनी गच्च भरलेल्या टोकाला मात्र तीच पद्धत अडते. जाळीवरच्या बेरजेत धन आणि ऋण पदं जवळपास सारखी येऊन एकमेकांना खातात, आणि उरलेलं उत्तर चुकांत बुडून जातं. संगणक कितीही मोठा घेतला तरी ही अडचण सुटत नाही. म्हणून ताऱ्याच्या गाभ्याचा नियम आज गणितातून निघत नाही, तो ताऱ्यांच्या वस्तुमान-त्रिज्येवरून उलटा शोधावा लागतो. चौघांनी जो आलेख काढला आहे तो त्याच कामाचा पहिला धडा आहे.

कवचाबद्दल मात्र खात्रीने लिहा. वरचा सुमारे एक किलोमीटर घन आहे. घनता ४.३ × १०^११ ग्रॅमला पोचली की अणुकेंद्रांतून न्यूट्रॉन बाहेर सांडायला लागतात, आणि १०^१४ च्या आसपास अणुकेंद्रंच एकमेकांत विरघळतात. हे आकडे आकृतीत बाजूला लिहिता येतील.

कृष्णविवर हा "सर्वांत दाट" म्हणून चौथा फलक करायचा कोणी आग्रह धरला तर हे सांगा : कृष्णविवराच्या क्षितिजाच्या (जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या) आतली सरासरी घनता वस्तुमानाच्या वर्गाने कमी होते. एका सूर्याच्या कृष्णविवराची १.८ × १०^१६ ग्रॅम, दहा कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची फक्त १.८ ग्रॅम, आणि एम ८७ या दीर्घिकेतल्या साडेसहाशे कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची हवेपेक्षाही कमी.

---

आदिकण

तिन्ही फलकांना जोडायला बाणाऐवजी एक लांब कागदी पट्टी लावा. पाण्याची घनता, १ ग्रॅम, हे शून्य. पुढे प्रत्येक दहापटीला १० सेंटिमीटर. खुणा अशा येतात : ऑस्मियम १३.५ सेंमी, सूर्याचा गाभा (१५० ग्रॅम) २१.८, विश्व १ सेकंदाला ५६.५, व्याधाचा जोडीदार ६३.८, न्यूट्रॉन सांडण्याची पातळी ११६.३, अणुकेंद्र १४४.३, न्यूट्रॉन ताऱ्याची सरासरी १४५.९, विश्व २० मायक्रोसेकंदांना १५०.५.

ताऱ्यांच्या खुणा निळ्या, विश्वाच्या लाल करा. प्रत्येक लाल खुणेखाली त्या वेळच्या बॅरिऑनांची वेगळी, लहान खूण द्या. २० मायक्रोसेकंदांची ती ६० सेंमीवर येईल, मोठ्या खुणेपासून ९० सेंमी मागे. तीन मिनिटांची मोठी खूण ११.४ वर, आणि बॅरिऑनांची शून्याच्याही डावीकडे ४७ सेंमीवर, म्हणून पट्टीला डावीकडे अर्धा मीटर जागा सोडायला विसरू नका.

उजवीकडे किती सोडायची ते तुमच्या भिंतीवर आहे. प्लांक घनता, जिच्या पलीकडे आजचं गुरुत्वाचं गणित लागूच होत नाही, ती ५.२ × १०^९३ ग्रॅम. तिची खूण ९३७ सेंमीवर येते. १५५ ते ९३७ या मधल्या पट्ट्यात एकही निळी खूण लावायला मिळणार नाही, तिथे तारे नाहीतच. एका सूर्याच्या कृष्णविवराची सरासरी १६२.६ वर मांडता येईल, पण ती पदार्थाची घनता नाही, म्हणून ती खूण पोकळ वर्तुळाने दाखवा. तेवढी लांब भिंत नसेल तर पट्टी दोन मीटरवर कापा आणि कापलेल्या टोकाला "पुढे आणखी ७ मीटर ३७ सेंमी" असं लिहून ठेवा.